मधपंजाचं नाव

“नाव घेव नको गो बाय. नाव घेतलां की ता येता.”

हा आवाज ठकुबाईचा. कुडाळजवळच्या एका वाडीत, मागच्या पडवीत, जात्याच्या दोन्ही अंगांना पाय पसरून बसलेल्या ठकुबाईचा. गावात पिठाची गिरणी केव्हाच आली होती, पण कुळथाचं पीठ जात्यावरचंच हवं हा साधनाच्या आईचा हट्ट, म्हणून ठकुबाई दळायला यायची. लहानगी साधना तिच्यासमोर मांडी ठोकून बसायची, मूठमूठ कुळीथ जात्याच्या तोंडात घालायची आणि दिवसभरात काय काय पाहिलं ते सांगायची. एकदा दिवेलागणीला ती सहज बोलून गेली की विहिरीपाशी साप होता. ठकुबाईचा खुंट्यावरचा हात थांबला. तिने अंगणाकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि हे सांगितलं. तिन्हीसांजेला त्याचं नाव घ्यायचं नसतं. लांबडा म्हणावं, जनावर म्हणावं, अगदीच झालं तर दोरी म्हणावं. नाव घेतलं की ते येतं.

साधना आता चाळिशी ओलांडून गेली होती आणि दुबईत, अल बर्शातल्या एका उंच इमारतीत राहत होती. साप सोडा, तिथे भिंतीवर पालसुद्धा दिसत नव्हती. गॅलरीतून दिसायची ती लांबवर सरकणारी मेट्रो आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. तरी ठकुबाईचा आवाज विमानात तिच्या शेजारी बसून आल्यासारखा इथवर आला होता. कारण या घरातही एक नाव होतं, जे कुणी घेत नव्हतं.

ते नाव मुग्धा. साधनाच्या नवऱ्याची, प्रकाशची, पहिली बायको; त्याच्या मुलीची, शुभ्राची, आई. शुभ्रा सहा वर्षांची असताना ती आजारपणात गेली. आता शुभ्रा नऊ वर्षांची झाली होती, आणि साधना या घरात येऊन एक पावसाळा आणि एक हिवाळा झाला होता. म्हणजे गावच्या हिशोबाने. इथे पावसाळा नव्हताच.

मुग्धाला या घरात ‘आधी’ म्हणायचे. प्रकाश म्हणायचा, आधी हा सोफा त्या भिंतीला होता. आधी आपण शुक्रवारी इडल्या करायचो. एवढं बोलून तो पटकन दुसरा विषय काढायचा, ऑफिसातला, टेंडरचा, पार्किंगचा. पुण्याहून फोन करणारी त्याची आई ‘ती’ म्हणायची. शेजारपाजारचे ‘शुभ्राची मम्मी’ म्हणायचे आणि साधना जवळ असली तर तेही म्हणायचे नाहीत. मुग्धाचा फोटो टीव्हीखालच्या खणात होता. साधना यायच्या आधल्या दिवशी प्रकाशनेच तो भिंतीवरून उतरवला होता. तिला अवघड वाटू नये म्हणून. साधनाला तो खण आवरताना सापडला. हसताना डोळे बारीक होणारी, मोठ्या कपाळाची बाई. तिने काच पुसली आणि फोटो होता तसा परत ठेवला.

साधनाही ते नाव घेत नव्हती. वरकरणी कारण सोपं होतं, की इतर कुणी घेत नाही तर आपण कशाला. आतलं कारण तिचं तिला ठाऊक होतं. नाव घेतलं की येतं. आणि ती आली, तिच्या सोफ्यावर, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या मुलीच्या उशाशी, तर मग साधनाने कुठे बसायचं?

प्रकाश माणूस मऊ होता. लग्न साधंच झालं होतं. रजिस्ट्रारकडे सह्या केल्या आणि घरी येऊन पंगत बसली. साधनाच्या आत्याने जावयाला नाव घ्यायचा आग्रह केला. तो बिचारा फोनवर उखाणा शोधून, पाठ करून आला होता. पहिली ओळ त्याने खड्या आवाजात म्हटली. दुसऱ्या ओळीत नाव यायचं तिथे थांबला. ओठ हलले, पण शब्द येईना. पंगत हसली, जावई लाजले म्हणाली. साधना हसली नाही. त्याच्या तोंडाशी कोणतं नाव आलं आणि ते गिळायला त्याला किती जड गेलं, हे तिला शेजारी बसून दिसलं होतं. तिला राग यायला हवा होता. उलट तो तिला त्या घटकेलाच आवडून गेला.

शुभ्रा तिला मावशी म्हणायची. ‘छोटी आई’ म्हण असं प्रकाशने सुचवलं होतं. तिने एकदा म्हणून पाहिलं, दोघी सारख्याच ओशाळल्या आणि मावशीवर तडजोड झाली. पोरगी गुणाची होती. ताट उचलायची, डबा धुऊन ठेवायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. फक्त उत्तर इंग्रजीत यायचं. साधना मराठीत विचारायची, भूक लागली का, शुभ्रा म्हणायची, “अ लिटल.” साधनाने यात काही वावगं पाहिलं नाही. इमारतीतली सगळीच मराठी मुलं आईबापांना इंग्रजीत उत्तर देत होती. कुडाळच्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला ते खुपायचं, पण ती स्वतःला म्हणायची, इथली हवाच तशी.

तर अशा या घरात पुस्तकांच्या फळीवर एक जाड, निळं पुस्तक होतं. मुग्धा फिनलंडच्या एका कंपनीच्या दुबई ऑफिसात होती. कामासाठी हेलसिंकीला गेली तेव्हा शुभ्रासाठी घेऊन आली होती. तिकडच्या कुणी लेखकाने आपल्या देशातल्या जुन्या देवांच्या, रानाच्या, बर्फाच्या कथा मुलांसाठी नव्याने लिहिलेल्या, आणि कुणीतरी त्या इंग्रजीत आणलेल्या. एका दुपारी शुभ्रा शाळेतून यायच्या आधी साधनाने ते सहज उघडलं आणि वरण गॅसवर करपेपर्यंत वाचत बसली.

तिला वाटलं होतं, परक्या मुलखातलं काही असेल. निघालं सगळं ओळखीचं. गोठ्यात राहणारा एक बुटका म्हातारा होता, लाल टोपीवाला, गुरं राखणारा; सणाला त्याच्यासाठी लापशीची वाटी ठेवायची, नाहीतर रुसायचा. साधनाला आपला वेशीवरचा राखणदार आठवला, नारळाचा मान चुकला की रुसणारा. एक कोल्हा होता, बर्फातून पळताना त्याची शेपूट घासायची आणि ठिणग्या आभाळात उडून हिरवा उजेड व्हायचा. आणि एक अस्वल होतं.

म्हणजे अस्वल असं त्या गोष्टीत कुठेच म्हटलं नव्हतं, आणि साधनाच्या ते पहिल्यांदा ध्यानात आलं नाही.

गोष्ट अशी होती. फार पूर्वी उत्तरेच्या आभाळात, त्या सात ताऱ्यांच्या मांडीवर त्याचा जन्म झाला. आभाळाने त्याला सोन्याच्या पाळण्यात घातलं, पाळण्याला चांदीच्या साखळ्या लावल्या आणि अलगद खाली रानात सोडलं. पाळण्यातच त्याच्या कानात त्याचं नाव सांगितलं. पण रानातली माणसं भित्री. नाव घेतलं तर तो येईल, गुरं नेईल, म्हणून त्यांनी त्याला दुसऱ्या नावांनी हाका मारायला सुरुवात केली. मधपंजा. रानाचं सफरचंद. केसाळ आजोबा. होता होता खरं नाव सगळ्यांच्या ओठांवरून गेलं. हिवाळ्यात तो गुहेत झोपे, आणि हिवाळ्याच्या मध्यावर कूस बदले. त्याने कूस बदलली की सूर्य परत फिरे. एका वर्षी त्याने कूस बदललीच नाही. अंधार सरेना. सगळं गाव गुहेपाशी गेलं आणि मधपंजा, मधपंजा अशा गोड हाका मारू लागलं. तर त्या हाका ऐकून तो आणखी गाढ झोपला. इतक्या लाडाच्या नावांची त्याला अंगाईच झाली. मग एक लहान मुलगी गुहेत शिरली, त्याच्या कानाशी वाकली आणि तिने त्याचं नाव घेतलं. ते नाव पुस्तकात छापलेलं नव्हतं. नाव घेतलं एवढंच होतं. आणि त्याने कूस बदलली.

साधनाच्या मनात त्या पाळण्याची ओवी दुपारीच जुळून गेली.

सोन्याचा गं पाळणा, रुप्याच्या गं साखळ्या,
साती ताऱ्यांनी, केल्या हळूच मोकळ्या.

तिला वाटलं, हाच धागा. पोरीशी बोलायला इतके दिवस धागा सापडत नव्हता, तो हा. संध्याकाळी शुभ्रा दूध पीत बसली होती, तेव्हा साधना ते पुस्तक घेऊन तिच्या शेजारी टेकली आणि मोठ्या हौसेने मराठीत सुरू झाली: एका रानात एक अस्वल होतं.

शुभ्राचा कप टेबलावर आला.

“यू सेड इट,” ती म्हणाली. “यू कान्ट से दॅट. नोबडी सेज दॅट.”

साधनाला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा तिचे कान गरम झाले. सापाला लांबडा म्हणत वाढलेली बाई ती. तिनेच पहिल्या वाक्यात नाव घेतलं होतं, तेही तिन्हीसांजेला. तिने चूक कबूल केली, परत सुरुवात केली, या वेळी मधपंजा म्हणत. पण शुभ्रा मान हलवत राहिली. तसं नाही. असं सुरू होत नाही. मग कसं होतं, असं साधनाने विचारलं. शुभ्राने पुस्तक मिटलं, छातीशी धरलं आणि स्वतःच्या खोलीत घेऊन गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसानंतर पुस्तक फळीवर परत आलं नाही. सकाळी अंथरूण आवरताना साधनाला ते उशीखाली दिसायचं. तिने प्रकाशला विचारलं, ही गोष्ट घरात कशी सांगितली जायची? कोण सांगायचं, हे तिने विचारलं नाही. तेवढं दोघांनाही कळत होतं. प्रकाश चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला की आधी तो साइटवरून उशिरा यायचा, तोवर गोष्ट होऊन गेलेली असायची. दाराबाहेर बूट काढताना नुसतं हसणं ऐकू यायचं, दोघींचं. गोष्ट कधी ऐकलीच नाही. एवढं बोलून तो गाडीचा सर्व्हिसिंगचा मेसेज आलाय का ते बघू लागला.

पाडवा जवळ आला तेव्हा साधना श्रीखंड आणायला शारजात रोल्लाला गेली. तिथे नीलिमाचं स्वयंपाकघर होतं. पोळीभाजीचे डबे, सणाचा फराळ, सगळं. नीलिमा मुग्धाची जुनी मैत्रीण. बोलायला लागली की मराठी, हिंदी, अरबी एकाच कढईत पडायचं. पोळ्या लाटणाऱ्या मुलींना यल्ला, यल्ला म्हणत घाई करत तिने साधनाला स्टुलावर बसवलं, वेलचीचा चहा दिला आणि शुभ्राची चौकशी केली. बोलते का? साधना म्हणाली, बोलते की, शहाणी आहे, इंग्रजीत बोलते इतकंच. इथली सगळीच मुलं तशी.

नीलिमाने श्रीखंडाचा डबा बंद करता करता तिच्याकडे पाहिलं.

“सगळी असतील गं. ही नव्हती,” ती म्हणाली. “तिची आई होती ना, तेव्हा ही पोरगी याच स्टुलावर उभी राहून माझं डोकं खायची. शुद्ध मराठीत. टकळी खलासच व्हायची नाही. गेली, आणि त्या दिवसापासून एक शब्द नाही काढला मराठीतला. आम्हाला वाटलं, शाळेमुळे.”

परतीच्या वाटेवर टॅक्सी अडकली होती आणि साधनाच्या मांडीवर श्रीखंडाचा गार डबा होता. इतके महिने जे डोळ्यांसमोर होतं ते तिला आता दिसलं. सगळी मुलं इंग्रजीत उत्तर देतात, म्हणून हे एक पोर गप्प झालंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मराठी ही तिची आईशी बोलायची भाषा होती. ती तिने मिटून, छातीशी धरून, उशीखाली ठेवून दिली होती. आणि घरातली मोठी माणसं बाहेर उभं राहून ‘आधी’, ‘ती’, ‘मम्मी’ अशा मऊ मऊ हाका मारत होती. त्या हाकांनी कुणीही गाढच झोपेल.

टॅक्सी हलली तेव्हा तिला ठकुबाई पुन्हा आठवली, आणि या वेळी सबंध आठवली. आजवर ती अर्धीच आठवत आली होती.

ठकुबाईची एक मुलगी लहानपणीच गेली होती, शेवंती. साधनाने एकदा दळताना विचारलं होतं, तू रोज ओवीत शेवंतीला का आणतेस? ती तर नाहीये ना. आईने आतून डोळे वटारले होते. ठकुबाईला मात्र राग आला नाही. जातं फिरवत, पिठाच्या हाताने गालावरची बट मागे सारत ती म्हणाली होती की नाव घेतलं की येतं, म्हणून तर घ्यायचं. आणि पुढची ओवी म्हटली होती.

दळण सरलं माझं, पिठाची झाली रास,
शेवंती माझी बाय, उंबऱ्यात तिचा वास.

नावाची भीती आणि नावाची ओढ, दोन्ही एकाच बाईने सांगितलं होतं, एकाच जात्यावर. साधनाने भीती तेवढी उचलून इथवर आणली होती. दुसरं तिथेच पडवीत राहून गेलं होतं.

पण कळणं निराळं आणि तोंडातून काढणं निराळं. पुढचे काही दिवस ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते नाव मनात म्हणून पाहायची. मनात नीट यायचं. ओठांपर्यंत आलं की कुणीतरी पाठीमागे उभं असल्यासारखं वाटायचं. एकदा तिने टीव्हीखालचा खण उघडला आणि फोटोला म्हणाली, तुम्ही आलात तर मी कुठे जाऊ? फोटोतली बाई डोळे बारीक करून हसत राहिली. साधनाला उगाच वाटलं की ही बाई गप्प बसणाऱ्यांतली नसणार.

पाडव्याच्या आदल्या शनिवारी प्रकाश म्हणाला, उन्हाळा सुरू व्हायच्या आत अल कुद्राच्या वाळवंटात जाऊन येऊ, तळ्यांपाशी. आधी दरवर्षी जायचो. म्हणाला आणि नेहमीसारखा थांबला. साधना म्हणाली, जाऊ या. तिने थालीपिठं केली, थर्मास भरला, श्रीखंडाचा डबा बर्फात घातला. गाडीत बसताना तिला दिसलं की शुभ्राच्या काखेत निळं पुस्तक आहे. तिने न दिसल्यासारखं केलं.

ऊन उतरलं होतं. वाळू पायाला कोमट लागत होती. एका घाफच्या झाडाजवळ जागा पाहून प्रकाशने चटई पसरली. मोठी होती, लाल-पिवळी, एका कोपऱ्याला जळाल्याचा डाग असलेली. तो डाग कसला हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग कोळसे पेटवायच्या खटपटीला लागला. त्याला ते जमत नव्हतं. धूर सगळा त्याच्याच डोळ्यांत जात होता आणि तो जागा बदलेल तसा धूरही बदलत होता. शुभ्रा हसली. साधना म्हणाली की अहो, इमारतींचे खर्च काढता तुम्ही लाखालाखाचे, एवढ्याशा कोळशाचा अंदाज येत नाही? प्रकाश म्हणाला, कोळशाचं टेंडर निघालं नव्हतं. कणसं शेवटी एका बाजूने काळी आणि एका बाजूने कच्ची अशी भाजली गेली, आणि मीठ-लिंबू लावून तिघांनी ती निमूट खाल्ली. श्रीखंड मात्र शुभ्राने चमच्याशिवाय, बोटांनी खाल्लं. सगळा पंजा माखला. साधना ओरडली नाही.

अंधार पडत गेला. दूर सायकलवाल्यांचे दिवे रांगेने गेले आणि संपले. आभाळात एकेक तारा फुटू लागला. प्रकाशने उत्तरेकडे हात केला. वाळूच्या उंचवट्याच्या वर, शेपटीवर उभे राहिल्यासारखे, सात तारे लागले होते.

“सप्तर्षी,” साधना म्हणाली. “त्या पुस्तकात यांच्याच मांडीवर तो जन्मला.”

शुभ्रा चटईच्या एका टोकाला पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. उठून गेली नाही. साधनाने ताऱ्यांकडे पाहतच, कुणालाच न सांगितल्यासारखी गोष्ट सुरू केली. या वेळी नाव टाळून. पाळण्याची ओवी म्हटली. ओवीला शुभ्राने मान वळवली, कारण ती पुस्तकात नव्हती. मग भित्री माणसं आली, मधपंजा आला, रानाचं सफरचंद आलं. न सरणारा हिवाळा आला. गाव गुहेपाशी जमलं, गोड गोड हाका सुरू झाल्या, आणि तो झोपलेलाच. प्रकाश कोळशात काडी फिरवत होता. त्याचा हात हळू झाला होता.

मग लहान मुलगी गुहेत शिरली, साधना म्हणाली. त्याच्या कानाशी वाकली.

आणि ती थांबली. पंगतीत प्रकाश थांबला होता तशीच, नावाच्या उंबऱ्यावर. चटईवर हाताच्या अंतरावर नवरा होता, त्याच्या पलीकडे त्याची मुलगी, आणि मध्ये बरीच मोकळी चटई. तिला वाटलं, आता आपण बोललो तर ती मोकळी जागा भरेल. भरल्यावर आपल्याला सरकावं लागेल का, हे कळायला एकच वाट होती.

ठकुबाई जात्याला हात घालण्याआधी घ्यायची तसा तिने श्वास घेतला, आणि दळणाच्याच सुरात, फार मोठ्याने नाही, म्हणाली:

“वाळूवर चटई, चौघांना पुरे जागा,
मुग्धा माझी सई, तिचाच गोष्टीला धागा.”

निखारा फुटला तेवढाच आवाज झाला.

मग प्रकाशने काडी खाली ठेवली. त्याने हाताच्या पाठीने डोळे पुसले, आणि आता तिथे धूर नव्हता. चटईच्या जळक्या कोपऱ्यावर तळवा ठेवून तो म्हणाला की हा डाग मुग्धाने पाडलाय. तिलाही कोळसे पेटवता यायचे नाहीत. नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा अडखळत आलं. दुसऱ्यांदा सरळ आलं. मुग्धा म्हणायची, आपण भाजतो ते कणीस नसतं, जाळून टाकलेला पुरावा असतो. बोलता बोलता तो हसू लागला, आणि साधनाही हसली, कारण बाई होतीच तशी, फोटोत दिसायची तशी. साधनाने खाली पाहिलं. ती बसली होती तिथेच बसलेली होती. कुणी तिला सरकायला सांगितलं नव्हतं.

सरकली ती शुभ्रा. चटईच्या टोकावरून, पुस्तक वाळूवर ठेवून, गुडघ्यांवर रांगत ती साधनापाशी आली. पंजा अजून चिकट होता. तोच तिने साधनाच्या मांडीवर टेकवला. ती ताऱ्यांकडे पाहत राहिली. ओठ हलत होते; खूप दिवस मिटलेलं काही उघडताना हलतात तसे.

“मावशी, तुझी चुकली गोष्ट,” ती म्हणाली. “ओवी छान आहे. पण सुरुवात चुकली.”

मराठीत. प्रकाशने मान वर केली. साधनाने श्वाससुद्धा जपून घेतला. पुढचं बोलताना शुभ्राचा आवाज बदलला. मध्येच थांबून डोळे बारीक करायची ढब तिची नव्हती, शब्दाच्या शेवटी येणारं हसूही तिचं नव्हतं. बूट काढताना दाराबाहेरून ऐकलेलं ते हसू प्रकाशने ओळखलं, आणि कधीच न ऐकलेल्या साधनानेही. ठकुबाई खरंच सांगत होती.

“आई सांगायची तशी सांगते,” शुभ्रा म्हणाली. “ऐका हं दोघं. खूप खूप वर, उत्तरेला, जिथे देवबाप्पा फ्रीजचं दार लावायलाच विसरला, तिथे एक श्रीखंडपंजा राहायचा…”